ई-रीडरची काच आतून पिचते: स्क्रीन सांभाळायची कशी

माझा पहिला ई-रीडर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुस्तकं वाचायचं यंत्र, पडला नाही, आपटला नाही, भिजलाही नाही. डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडली, सॅक पोटाशी धरून दादरपर्यंत उभ्याने आलो आणि ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत रीडर उघडला. वरच्या अर्ध्या भागात पुस्तकाचं पान आलं. खालच्या अर्ध्यात आदल्या रात्रीचं लॉकस्क्रीनचं चित्र तसंच चिकटून बसलेलं, आणि दोन्हींच्या मध्ये काळ्या रेघांचं जाळं. वरून बोट फिरवलं. ओरखडा नाही, तडा नाही, सगळं गुळगुळीत. रीडरवर चांगली अस्तर लावलेली मऊ कापडी खोळ होती. सॅकच्या त्याच कप्प्यात, तिला खेटून, तीन पुडांचा स्टीलचा डबा होता.

पुढे मित्रांचे, भावंडांचे असे बरेच गेलेले रीडर हातात आले. पडून फुटलेले थोडेच. बाकीचे दाबाने गेलेले: कुणी त्यावर बसलं, कुणी झोपलं, कुणी भरलेल्या सॅकमध्ये कोंबला. मोबाइल पडू नये म्हणून जपायची सवय आपल्या हाताला लागलेली असते. तीच सवय आपण रीडरला लावतो आणि फसतो.

काच कुठे असते

फोनची काच वर असते, प्रक्रिया करून कणखर केलेली, आणि फुटली तर डोळ्यांना दिसते. रीडरमध्ये उलट आहे. सगळ्यात वर संरक्षक आवरण, त्याखाली उजेड पसरवणारा पारदर्शक थर, स्पर्श ओळखणारी सोय, आणि मग शाईचा पापुद्रा. या पापुद्र्यात साधारण केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत विरुद्ध विद्युतभाराचे पांढरे आणि काळे कण तरंगत असतात. हा पापुद्रा प्लास्टिकचा, सहज वाकणारा. तो ज्यावर चिकटवलेला असतो ती मागची पाटी मात्र बहुतेक रीडरांत काचेची असते, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. फोनच्या काचेवर होते तशी कणखर करण्याची प्रक्रिया हिच्यावर झालेली नसते.

या काचेवर ट्रान्झिस्टरांचं आणि बारीक तारांचं जाळं पसरलेलं असतं. ॲमेझॉनच्या ६.८ इंची किंडल पेपरव्हाइट रीडरमध्ये १६४८ आडव्या आणि १२३६ उभ्या ओळी आहेत, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके. काचेला तडा गेला की वाटेतल्या तारा तुटतात आणि त्या तारांवरचे ठिपके जागच्या जागी थिजतात. तडा वेडावाकडा, पण त्याच्यापासून निघणाऱ्या रेघा पट्टीने आखल्यासारख्या सरळ, असं विचित्र चित्र त्यामुळेच दिसतं. मेलेल्या भागात जुनं चित्र राहतं याचंही कारण साधं आहे. या शाईला फक्त बदलण्यासाठी वीज लागते. टिकून राहायला लागत नाही.

ही शाई बनवणारी ई इंक कंपनी १९९७ साली अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधल्या कामातून निघाली. सोनीचा लिब्रिए हा रीडर जपानात २००४ साली आला, किंडल २००७ साली. तेव्हापासून अक्षरं जवळजवळ दुप्पट रेखीव झाली, पडद्याला उजेड आला, रंगही आले, पण बहुतेक रीडरांच्या पोटातली काच काचच राहिली. प्लास्टिकची पाटी करता येत नाही असं नाही. एलजी डिस्प्लेने २०१२ सालीच सहा इंची प्लास्टिकचा ई-पेपर जाहीर केला होता. सोनीच्या १३.३ इंची डिजिटल पेपरमध्ये आणि २०१८ च्या कोबो फॉर्मा या रीडरमध्ये वाकू शकणारी पाटी होती. तुमच्याकडे तसलं मॉडेल असेल तर निम्मी काळजी मिटली. नसेल तर मिटलेली नाही.

भाजलेला पापड ताटात सपाट असतो तोवर त्यावर दुसरे चार पापड ठेवले तरी टिकतो. दोन्ही कडा धरून मध्ये बोट टेकवलं की संपला. रीडरची काच तशीच वागते. सगळीकडे सारखा पसरलेला भार ती बऱ्यापैकी सोसते. एका जागी टोचणारा भार आणि दोन कोपऱ्यांना उलटसुलट बसणारा पीळ, हे दोन तिचे वैरी. पुढचं सगळं या दोघांना लांब ठेवण्याबद्दल आहे.

आधी पाहा: फुटलाय की नुसता अडकलाय

पडदा गोठलेला दिसला की लगेच धीर सोडू नका. बॅटरी पार संपलेला रीडरसुद्धा शेवटचं चित्र दाखवत बसतो. भिंतीतल्या चार्जरला दोनतीन तास लावा, मग पॉवरचं बटण दाबून धरा. किंडलला पूर्ण ४० सेकंद लागतात. बहुतेक लोक दहा मोजून सोडून देतात. संपूर्ण पडदा एकसारखा गोठलेला असेल आणि रेघा नसतील, तर आशा धरायला जागा आहे.

आधीच्या पानाची अंधूक सावली उरत असेल तर त्याला बिघाड म्हणत नाहीत. सेटिंगमध्ये दर पानाला पडदा पूर्ण ताजा करण्याचा पर्याय असतो, तो लावून बघा.

याउलट एका बिंदूतून कोळ्याच्या जाळ्यासारखं काही पसरलेलं दिसलं, किंवा एक पट्टा नेहमी तेच चित्र दाखवतो आणि बाकीची पानं उलटतात, तर काच पिचली आहे. कडेपासून कडेपर्यंत गेलेली एकच सरळ रेघ असेल, तर कडेला जोडणारी पट्टी सैल झाल्याचीही शक्यता असते, पण घरच्या घरी त्यावरही फारसा इलाज नाही. पडदा मेला तरी आतलं यंत्र जिवंत आहे का हे पाहायचं असेल तर केबलने संगणकाला जोडा. रीडर तिथे दिसला तर फाइल वाचवता येतील.

एक गोष्ट मात्र करू नका. शंका आली की माणूस अंगठ्याने दाबून बघतो. तडा गेलेली काच त्या दाबाने पुढे चिरत जाते.

कव्हर निवडताना

दुकानात कव्हर हातात घ्या, बंद करा आणि समोरच्या झाकणावर मधोमध अंगठा दाबा. झाकण खोलगट झालं तर ते कव्हर धुळीपासून वाचवेल, डब्यापासून नाही. पुस्तकासारखं उघडणारं आणि समोरचं झाकण पुठ्ठ्यासारखं कडक असलेलं कव्हर घ्यावं. पाठ कशी आहे याला त्यामानाने कमी महत्त्व द्या. वर्षानुवर्षं मऊ खोळ वापरूनही ज्यांचं काही बिघडलं नाही त्यांची मला असूया वाटते, पण त्यांचा सल्ला मी घेणार नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला कार्ड ठेवायचे कप्पे असतील तर ते कव्हर सरळ नाकारा. बँकेच्या कार्डावरची उठावदार अक्षरं आणि पडदा यांच्यामध्ये बाहेरून कुणाचं कोपर आलं की काय होतं ते सांगायला नको. पेन अडकवायची पट्टी असेल तर पेन बाहेरच्या कडेला राहतं ना, ते बघा. झाकण मिटल्यावर पडदा झोपवणारा लोहचुंबक असतो, त्याने काचेला काही होत नाही.

कव्हरच स्क्रीन फोडतं असाही एक प्रसंग आहे आणि तो अजिबात दुर्मीळ नाही. घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या कव्हरातून रीडर काढताना लोक दोन्ही अंगठे काठावर टेकवून रीडरच वाकवतात. वाकवायचं कव्हरला. त्याचा एक कोपरा बोटांनी बाहेर ओढा, रीडरची ती कड सुटू द्या, मग शेजारचा कोपरा. पडद्यावर एकही बोट टेकू देऊ नका. कव्हर फारच घट्ट असेल तर ते काढायचंच नाही, चार्जिंगचं भोक उघडं असतंच.

स्क्रीनगार्डबद्दल सगळे विचारतात. गार्ड ओरखडे थांबवतो. काच त्याच्या खाली, चार थर सोडून आहे, आणि गार्ड तिचा वाक थांबवू शकत नाही. उलट बुडबुडे काढायला लोक जुन्या कार्डाने जोर लावून घासतात, हाच तो टोचणारा भार. पडदा चौकटीपेक्षा खोल बसलेला असेल तर गार्ड लावूच नये. सपाट पडद्याला हवाच असेल तर लावा, पण बुडबुडा राहिला तर राहू द्या.

घरी करायची कडक खोळ

माझ्या दुसऱ्या रीडरसाठी मी खोळ घरीच केली आणि तीच आजही वापरतो. २०२१ चा पेपरव्हाइट सुमारे १७४ मिमी लांब, १२५ मिमी रुंद आणि ८ मिमी जाड आहे, त्या मापाने सांगतो. तुमचा रीडर वेगळा असेल तर पट्टीने मोजून घ्या.

बाइंडिंगवाले वापरतात तो राखाडी पुठ्ठा आणा, ३ मिमी जाडीचा. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास मिळेल, इतर गावांत कुठल्याही बाइंडिंगवाल्याकडे. नेमप्लेट बनवणाऱ्याकडे ३ मिमी ॲक्रिलिकचे उरलेले तुकडे मिळाले तर आणखी चांगलं. १८४ बाय १३५ मिमीचे दोन तुकडे कापा, म्हणजे चारही बाजूंनी ५ मिमी जास्त. एवढं जास्त लागतंच. कडेने धक्का बसला तर तो आधी पुठ्ठ्याला बसायला हवा.

आता मुख्य भाग. पडद्याकडे येणाऱ्या तुकड्याच्या आतल्या बाजूला, चारही काठांवर, जिथे रीडरची चौकट टेकेल तिथेच, जाड नमद्याच्या किंवा फोमच्या बारीक पट्ट्या चिकटवा. मधला भाग मोकळा ठेवा. आपला पहिला विचार नेमका उलटा असतो, की मधोमध छान गादी लावू. गादी लावली की बाहेरचा दाब गादीतून थेट काचेवर. पट्ट्या काठावर असल्या की दाब चौकटीवर उतरतो आणि पडद्यावर दोनेक मिलिमीटरची पोकळी राहते. पडदा मुळातच खोल बसलेला असेल तर पातळ पट्टीही पुरते.

दोन्ही तुकड्यांना जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं कापड चढवा आणि तीन बाजू शिवून घ्या. आमच्याकडे हे काम आईने केलं, आणि रीडर सरकून बाहेर येऊ नये म्हणून तोंडाला तिने ब्लाउजचं हूक लावलं. ते मी दुसऱ्याच दिवशी काढून वेल्क्रो लावली. हूक आत वळला असता तर सगळं मुसळ केरात.

खोळ झाली की रीडर घालायच्या आधी तपासा. रीडरच्याच मापाची आणि जाडीची वही किंवा फळी घ्या, तिच्यावर पांढरा कागद, कागदावर कार्बन पेपर, शाईची बाजू खाली. हे खोळीत घालून बाहेरून मधोमध अंगठ्याने, मग कोपराने चांगलं दाबा. बाहेर काढून कागद बघा. काठांवर डाग पडले असतील तर ठीक. मध्ये डाग पडला असेल तर पट्ट्यांची जाडी वाढवा.

सॅक, लोकल, एसटी

सॅकमध्ये रीडरची जागा ठरलेली असू द्या. लॅपटॉप नेत असाल तर त्याच्या कप्प्यात, पडदा लॅपटॉपच्या सपाट झाकणाकडे करून. त्या कप्प्यातून चार्जरची वीट आणि माउस हद्दपार. लॅपटॉप नसेल तर परीक्षेला न्यायचो ते हार्डबोर्डचं पॅड आणा आणि पडदा त्याच्याकडे करून ठेवा. पॅडची लोखंडी चिमटी मात्र काढा, किंवा रीडरच्या वर येईल अशी ठेवा. डबा आणि पाण्याची बाटली दुसऱ्या कप्प्यात, आणि शक्यतो सॅकच्या तळाशी.

गर्दीत सॅक पुढे घेतली की बाहेरचा कप्पा लोकांच्या कोपरांचा. तुमच्या अंगाला लागून असलेला कप्पा त्यातल्या त्यात बरा. सॅक लोकलच्या रॅकवर टाकायची असेल तर रीडर आधी बाहेर काढून हातात घ्या. तुमच्या सॅकवर नंतर कोण कसली पिशवी ठेवील हे तुमच्या हातात नसतं. एसटीच्या वरच्या फळीचंही तेच. पुढच्या सीटच्या मागे असलेल्या जाळीत रीडर ठेवणं सोयीचं वाटतं, पण खड्ड्यात गाडी उसळली की तुमचाच गुडघा त्याच्यावर जातो. आणि पँटच्या मागच्या खिशात सहा इंची रीडर मावतो हे खरं असलं तरी तो तिथे ठेवून खाली बसू नका.

घरातली जागा

घरात सर्वांत धोक्याची जागा म्हणजे गादी. वाचता वाचता डोळा लागतो, रीडर कुशीखाली जातो. मऊ गादी खालून आधार देत नाही, कोपर वरून दाबतं, आणि पापड मोडतो. एका मित्राचा रीडर सकाळी गोधडीच्या घडीत गेला, घडी कपाटात, तिच्यावर दुसऱ्या तीन गोधड्या. झोपायच्या आधी हात पोचेल अशी एक कडक जागा ठरवा: खिडकीची पट्टी, स्टूल, काहीही. उशीखाली नको. पाठीवर झोपून वाचताना तोंडावर पडला तर रीडरला सहसा काही होत नाही, नाकाचं काय ते तुम्ही बघा.

उचलताना एका कोपऱ्याला चिमटीत धरून उचलू नका, खालची कड तळहातावर घ्या. बंद रीडरवर फोन, चष्मा, किल्ल्या ठेवायची सवय मोडा. लहान मुलांना पडदा दाबून बघायचा असतो. जुना बिघडलेला रीडर असेल तर तो त्यांना देऊन टाका.

बराच काळ न वापरलेला रीडर कपाटात असेल तर त्याची पाठ तपासा. जुनी बॅटरी फुगते आणि आतून पडद्याला ढकलते. काचेच्या टेबलावर ठेवल्यावर रीडर डुगडुगत असेल किंवा पडद्याची कड चौकटीपासून उचललेली दिसली तर चार्ज करू नका, दाबून बसवायचा प्रयत्नही नको. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. वापरात नसतानाही दर दोनतीन महिन्यांनी निम्मा चार्ज करून ठेवणं बरं.

ऊन, पाणी, वाळू

किंडल वापरण्यासाठी ० ते ३५ अंश आणि नुसतं ठेवण्यासाठी उणे १० ते ४५ अंश ही कंपनीची मर्यादा आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतला पाराच ४५ ला टेकतो. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डचा किंवा स्कूटरच्या डिकीचा हिशेब तुम्हीच करा.

पेपरव्हाइट २०१८ पासून पाण्यात टिकतो: गोड्या पाण्यात २ मीटर खोलीवर तासभर, समुद्राच्या पाण्यात मात्र पाव मीटरवर ३ मिनिटं. साधा स्वस्तातला किंडल पाण्यात टिकणारा नाही. गुहागरला किंवा कळंगुटला खारं पाणी उडालं तर गोड्या पाण्याने हलके धुऊन कोरडा करा आणि भोक पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नका. पण किनाऱ्यावर मला पाण्यापेक्षा वाळूची भीती जास्त वाटते. झाकण मिटताना एक कण आत राहिला की सॅकमधला सगळा भार त्या कणावर. कव्हर उलटं धरून झटका, खोल पडद्याच्या कोपऱ्यांतले कण कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने हवा मारून काढा. नखाने उकरू नका.

पुसायला कोरडं मायक्रोफायबर, फार तर किंचित दमट. आरसे पुसायचा फवारा आणि स्पिरिट दूर ठेवा.

फुटलाच तर

आधी संगणकाला जोडून स्वतः टाकलेली पुस्तकं आणि टिपणं उतरवून घ्या. विकत घेतलेली पुस्तकं खात्यात सुरक्षित असतात. रीडर कुणाला देणार किंवा भंगारात काढणार असाल तर वेबसाइटवरून तो खात्यातून काढून टाका, कारण पडद्यावरून ते आता जमणार नाही.

वॉरंटीत दाबाने फुटलेली स्क्रीन सहसा बसत नाही. तरीही कंपनीला फोन करा, काय झालं ते खरं सांगा आणि बदल्यात सवलतीत दुसरा मिळतो का ते विचारा. माझ्या वेळी मिळाला नाही, पण विचारायला काही लागत नाही.

स्क्रीन बदलणं हा हौशी माणसाचा उद्योग आहे. शाई, काच आणि बऱ्याचदा उजेडाचा थर मिळून एकच चिकटवलेला तुकडा येतो, नुसती काच बदलता येत नाही. पॅनेलवर सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. सहा इंची पॅनेलांचा ‘ईडी०६०’ ने सुरू होतो, आणि पुढची अक्षरं तंतोतंत जुळायला हवीत. त्यासाठी जुना तुकडा काढून क्रमांक वाचल्याशिवाय नवा मागवू नका. उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवा. नवीन स्क्रीनची किंमत रीडरच्या किमतीच्या जवळ जात असेल तर मी तो रस्ता घेत नाही. यंत्र मेलेला पण पडदा शाबूत असलेला तोच रीडर जुन्या बाजारात मिळाला, तर गोष्ट वेगळी.

वापरलेला रीडर विकत घेताना फोटोवर जाऊ नका, कारण गोठलेला पडदाही फोटोत सुरेख दिसतो. समोर बसून वीस पानं उलटा. एक चित्रांचं पान, एक कोरं पान आणि एक गडद मुखपृष्ठ उघडून बघा. मग खोली अंधारी करून पडद्याचा उजेड पूर्ण वाढवा. पडद्याला कुठे टोचलेलं असेल तर तिथे उजेडाचा बारीक ठिपका चांदणीसारखा चमकतो. अशी एखादी चांदणी वाचायला अडथळा करत नाही. तिच्या नावाने भाव मात्र पाडून मागा.